हनुवटीखालचा उजेड

लेकीने मटाराच्या टोपलीशेजारी एक पुस्तिका ठेवली आणि म्हणाली, "आई, हे जरा बघून सांग. घ्यावा का हा कोर्स? तू त्याच लायनीतली आहेस. सोमवारपर्यंत कळवायचंय त्यांना." शनिवारची दुपार होती. नवरा खिडकीपाशी पेपर वाचत होता, म्हणजे पेपर तोंडावर घेऊन पडला होता. मी हात फडक्याला पुसले आणि पुस्तिका उचलली. घरबसल्या छायाचित्रण, बारा महिने, बारा पाठ, गुळगुळीत कागद. फोटोचं कुठलंही पुस्तक मी एकाच पद्धतीने बघते. फोटो बघत नाही, कातडी बघते. तेहतीस वर्षं स्टुडिओत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरचे तीळ, मुरमं आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायचं काम केलं की असंच होतं. समोर देव उभा राहिला तरी मला आधी त्याच्या कपाळावरचा डाग दिसेल. तर मी कातडी बघत बघत पानं उलटत होते आणि एकोणिसाव्या पानावर घड्याळजी माझ्याकडे बघत होता. डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित बारीक, कारण चाळीस वर्षं त्या डोळ्यात भिंग धरलेलं. गालांची हाडं, दोन दिवसांची पांढरी दाढी, आणि हनुवटीखाली, जिथे कुठल्याही म्हाताऱ्याच्या फोटोत काळोख असतो तिथे, दुधासारखा मऊ उजेड. अठ्ठावीस वर्षं झाली होती. मी त्याला लगेच ओळखलं. तो फोटो माझा होता, मी काढलेला.

खाली आमच्या स्टुडिओच्या मालकांच्या शब्दांत त्या फोटोची गोष्ट छापली होती. पाठ सातवा, खिडकीचा उजेड. "त्या दिवशी मी मुद्दाम स्टुडिओतले सगळे दिवे बंद केले. मला या कारागिराचा चेहरा त्याच्या खऱ्या उजेडात हवा होता. त्याला खिडकीपाशी बसवलं, एक सेकंद दिला, आणि चित्र मिळालं." मी हे तीनदा वाचलं. चोरी मला जुनी होती, ती अंगवळणी पडली होती. पण 'मुद्दाम' या शब्दाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, फ्यूज उडाला होता. दिवे बंद केले नव्हते कुणी, फ्यूज उडाला होता आणि तुम्ही गावाबाहेरच्या कारखान्यात कुणा संचालकांच्या रांगेचा फोटो काढायला गेला होतात. फोटो घेतलात तो घेतलात, माझा फ्यूजसुद्धा घेतलात. मी पुस्तिका इतक्या जोरात मिटली की नवऱ्याचा पेपर खाली पडला. त्याला मी पान दाखवलं. त्याने बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "जाऊ दे." आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यात या माणसाने इतकं जाऊ दिलं आहे की गेलेलं सगळं कुठे साठलं असेल याची मला कधीकधी काळजी वाटते.

लेकीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की आईच्या स्टुडिओचे मालक कोर्स शिकवतात आणि म्हणून आईला आतली बातमी असेल. बातमी मलाही नव्हती. दोनतीन महिन्यांपूर्वी कोर्सवाल्या कंपनीची माणसं येऊन भिंतीवरचे फोटो उतरवून घेऊन गेली होती, क्लासचं काहीतरी चाललंय म्हणून कानावर आलं होतं, तेवढंच. लेक एका दवाखान्यात कागदपत्रं लावायचं काम करते, तिथून येते ती पिळून काढल्यासारखी, आणि मग जुना कॅमेरा घेऊन गच्चीवर जाते. तिने पुस्तिका पुन्हा उघडली आणि नेमकं तेच पान माझ्यापुढे धरलं. म्हणाली, "आई, या एका फोटोसाठी मी अख्खा कोर्स करीन." मग मागचं पान दाखवलं. प्रत्येक पाठासोबत एक गुलाबी पत्रक मिळणार, त्यावर विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायचा, एकच, आणि त्याचं उत्तर सर स्वतः, स्वतःच्या हाताने, सही करून पाठवणार. हे तिला फार थोर वाटलं होतं. मी म्हटलं, उद्यापर्यंत विचार करते. तिला वाटलं मी फीचा विचार करतेय.

मी विचार करत होते तो मालकांच्या डाव्या कानाचा. पुस्तिकेच्या कव्हरवर ते होते, काळा कोट, हातात जुना कॅमेरा, आणि डावा कान उजव्याहून चांगलाच मोठा. हे माझं काम. दर वर्षी स्टुडिओच्या वाढदिवसाला मालक आपला फोटो काढून घेतात आणि साफ करायला माझ्याकडे देतात, आणि गेली बारा वर्षं मी दर वर्षी त्यांचा डावा कान केसभर वाढवते. केसभरच. मागच्या वर्षीच्या फोटोवरून या वर्षीचा करायचा, म्हणजे कुणाला संशय येत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. माणूस आरशापेक्षा फोटोवर जास्त विश्वास ठेवतो. एकदा मी त्यांना टोपी नीट करताना डावा कान चाचपताना बघितलं होतं आणि त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले. हसण्यासारखी गोष्ट आहे, मला कळतं. पण मूग गिळून बसलेल्या माणसाला कुठेतरी काहीतरी कुरतडावं लागतं, आणि माझ्या हाताशी तेवढा एक कान होता.

फोटो काढला त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फ्यूज उडाला. मी सव्वीस वर्षांची होते आणि स्टुडिओत लागून पाच वर्षं झाली होती. नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता, कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कॅमेरा म्हणजे चाकांच्या स्टँडवरचा तो लाकडी ठोकळा, तळहाताएवढी निगेटिव्ह घेणारा, मागे काळं कापड. त्या कापडाखाली फक्त मालक जायचे. मी मागच्या खोलीत माझ्या टेबलाशी, खालून उजेड येणाऱ्या काचेवर निगेटिव्ह ठेवून, सुईसारखी टोकदार पेन्सिल आणि एक बारीक सुरी घेऊन बसायची. सुरकुती पुसायची तर पेन्सिल, नको असलेली चमक काढायची तर सुरी. पेन्सिल पुसता येते. सुरीने खरवडलेलं परत येत नाही. तर दार ढकलून घड्याळजी आत आला, कोपऱ्यावरच्या दुकानातला, आणि म्हणाला फोटो काढायचाय. मी म्हटलं वीज नाही, मालक नाहीत, उद्या या. तो उभाच राहिला. मग सांगितलं की उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, भिंगवाल्या डोळ्याचं, नंतर तो कसा दिसेल सांगता येत नाही म्हणतात डॉक्टर, म्हणून आजचा चेहरा पाहिजे. हे त्याने रडतरडत नाही सांगितलं. पट्टा तुटलाय म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मला अजून कळत नाही मी हो कसं म्हटलं. फोटो धुवायच्या खोलीत एक खिडकी होती, काच साबणाच्या पाण्याने आंधळी झालेली, तिच्यातून येणारा उजेड मी पाच वर्षं रोज बघत होते आणि मनात म्हणत होते, इथे कुणालातरी बसवायला पाहिजे. मी तो कॅमेरा ढकलत नेला. चाकं कुरकुरली तेव्हा वाटलं आता मालक कुठूनतरी ओरडतील. घड्याळजीला स्टुलावर बसवलं, खिडकीकडे तोंड, कॅमेरा खिडकीच्या कडेला, आणि मी पहिल्यांदा त्या काळ्या कापडाखाली शिरले. आत रबराचा आणि दुसऱ्याच्या घामाचा वास. काचेवर घड्याळजी उलटा लटकत होता, डोकं खाली, इतका स्पष्ट की मला त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या. आणि हनुवटीखाली काळं भोक. पाच वर्षं मी लोकांच्या हनुवट्यांखालचा काळोख पेन्सिलने उजळत आले होते, मला त्या काळोखाचा कंटाळा आला होता. मी बाहेर आले, भिंतीला टेकवलेला फोटो धुवायचा मोठा पांढरा ट्रे घेतला आणि त्याच्या मांडीवर आडवा ठेवला. परत कापडाखाली गेले. काळोख गेला होता. काय वाटलं ते सांगायला गेले तर वेडगळ वाटेल. मी एवढंच म्हणेन की पोटात काहीतरी जागच्या जागी बसलं, आणि त्यानंतर तसं फक्त लेक झाली तेव्हा झालं.

दोन सेकंद लागतील असा माझा अंदाज होता. मी म्हटलं, हलू नका, मी मोजते. त्यावर तो म्हणाला, "पोरी, सेकंद मला माहीत आहे. मी मोजतो." आणि त्याने बोटाने ट्रेवर ठोका दिला, मी कॅमेऱ्याची झडप उघडणारा रबराचा फुगा दाबला, दुसरा ठोका, तिसरा ठोका, मी फुगा सोडला. इतके नेमके दोन सेकंद त्या स्टुडिओत आधी कुणी दिले नसतील. मी कॅमेऱ्याशेजारी उभी होते, वेणी पुढे आलेली, हातात फुगा. हे एवढ्यासाठी सांगते की नंतर त्याला महत्त्व येणार होतं.

मालकांनी पंधरा दिवसांनी वाळत घातलेला प्रिंट बघितला. मी सगळं खरं सांगितलं, कॅमेऱ्याला हात लावला म्हणून नोकरी जाईल या भीतीने थरथरत सांगितलं. ते रागावले नाहीत. प्रिंट घेऊन गेले. चार महिन्यांनी त्याला मोठं बक्षीस मिळालं, त्यांच्या नावाने. पेपरात आलं. ते मागच्या खोलीत आले, म्हणाले, "बाई, तुमचे डोळे जपायला पाहिजेत," आणि माझ्या टेबलासाठी एक नवा दिवा घेऊन दिला. वाकवता येणाऱ्या मानेचा. तो दिवा अजून आहे. अठ्ठावीस वर्षं मी त्या दिव्याखाली बसते आहे, आणि सकाळी बटण दाबते तेव्हा रोज एकदा मनातल्या मनात शिवी हासडते. घड्याळजी ऑपरेशननंतर दोन वर्षं जगला. त्याने त्याची प्रत दुकानात लावली होती, आणि कुणी विचारलं की सांगायचा, स्टुडिओतल्या पोरीने काढला. त्याचं कोण ऐकणार. पुढे दुकान गेलं, तिथे मोबाइलवाला आला.

शनिवारची संध्याकाळ मी अशी आतल्या आत जळत काढली आणि मला एकदम आठवलं की पुरावा आहे. चेहऱ्याच्या फोटोत, डोळ्याच्या बुबुळात, समोरचं सगळं उमटतं. त्या निगेटिव्हमध्ये, घड्याळजीच्या डोळ्यात, खिडकी असणार, खिडकीपुढे कॅमेऱ्याचा ठोकळा असणार, आणि ठोकळ्याशेजारी वेणीवाली एक मुलगी असणार. ती मालक नसणार. मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. मी ती निगेटिव्ह मोठी करीन, भिंतीएवढी करीन, कोर्सवाल्यांना पाठवीन, पेपरवाल्यांना पाठवीन, मालकांच्या सुनेच्या माहेरी पाठवीन. लेकीने जेवताना विचारलं, काय गं, गालातल्या गालात का हसतेस. म्हटलं, उद्या स्टुडिओत जाऊन येते. रविवारी? म्हटलं, कोर्सचीच चौकशी करायची आहे.

किल्ली माझ्याकडेच असते. रविवारच्या सकाळी रिकाम्या स्टुडिओत स्टूल, दिव्यांच्या छत्र्या, पडदे सगळे कुणाची तरी वाट बघत उभे होते. जुन्या निगेटिव्ह मागच्या कपाटात, पाकिटांवर माझं अक्षर. कारण पाकिटांवर मी लिहायची, नोंदवहीत मी लिहायची, गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं मी लिहायची. मालकांना प्रश्न पडला की ते हातातला कागद माझ्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, बाई, जरा बघा. दहा मिनिटांत पाकीट सापडलं. मी उजेडाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवली, भिंग लावलं आणि डोळ्यावर वाकले.

डोळा स्वच्छ होता. बुबुळात एकच ठिपका, वर डावीकडे, गोल, सुबक. खिडकी नव्हती, कॅमेरा नव्हता, मुलगी नव्हती. ठिपक्याभोवती सुरीचे ओरखडे होते, इतके बारीक आणि इतके सरळ की ते कुणाचे हे विचारायची गरज नव्हती. तसे सरळ ओरखडे त्या स्टुडिओत एकाच माणसाला यायचे. मला तेव्हा ती दुपार आठवली, म्हणजे फोटो काढल्यानंतरची तिसरी दुपार. निगेटिव्ह माझ्यापुढे होती. त्याचा बारीक डोळा मी तसाच ठेवला, नियम मोडून, आणि स्वतःवर खूश झाले. सुरकुत्यांना हात लावला नाही. आणि मग निव्वळ सवयीने, काही मनात नसताना, सुरी उचलली आणि डोळे साफ केले. कारण डोळ्यात एकच ठिपका असतो, बाकी सगळी घाण, हे मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं आणि मी ते इतकं छान शिकले होते. मालकांनी माझा फोटो चोरला, पण फोटोतून मला काढून टाकलं ते त्यांनी नाही. ते मी, फुंकर मारून कण उडवत, कदाचित गुणगुणत. मी त्या काचेवर कपाळ टेकून बसले. कुणावर दातओठ खायचे तेच कळेना. खालून येणारा उजेड डोळ्यांत जात होता आणि मला त्या वेळच्या सव्वीस वर्षांच्या माझ्याच कानफटात मारावंसं वाटत होतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग मी परत भिंग उचललं, कारण कामाची सवय अशी की रडून झालं तरी माणूस पुन्हा बघतो. ओरखडे ठिपक्याभोवती होते, आणि अजून थोडे होते, बुबुळाच्या खालच्या कडेला. तिथे काय होतं? तिथे ट्रे होता. मांडीवरचा पांढरा ट्रे डोळ्यात खालून पांढऱ्या पट्टीसारखा उमटला असणार, आणि मी तोही खरवडून काढला होता. मी सरळ बसले. पाठ सातवा मी आता पाठच केला होता. त्यात खिडकी होती, कारागीर होता, खोटे दिवे होते, खोटा एक सेकंद होता. ट्रे नव्हता. मी त्या वेळी थरथरत सगळं सांगितलं त्यात ट्रे सांगितला होता का? नव्हता. कॅमेऱ्याला हात लावल्याचीच एवढी भीती होती की ट्रे कुणाला सुचतो. म्हणजे हनुवटीखालचा तो उजेड कुठून आला हे मालकांना ठाऊक नव्हतं, आणि डोळ्यात बघून कुणाला शोधताही येणार नव्हतं, कारण मी तो माग पुसला होता. अख्ख्या जगात ते एका माणसाला माहीत होतं. आणि प्रत्येक पाठाला एक प्रश्न विचारता येत होता, ज्याचं उत्तर सर स्वतः, स्वतःच्या हाताने देणार होते. मी निगेटिव्ह पाकिटात घातली, दिवा मालवला, शिवी द्यायचं विसरले.

घरी लेक दारातच होती. "कळलं का काही? फायद्याचा आहे?"

"आहे," मी म्हटलं. "घे."

पहिला पाठ आला आणि त्याच आठवड्यात विद्यार्थ्यांची गुलाबी पत्रकं स्टुडिओत आली. पत्रकावर नाव नसतं, नुसता क्रमांक. मालकांनी गठ्ठा माझ्या दिव्याखाली ठेवला आणि म्हणाले, बाई, जरा बघा. मला हे आधी सुचायला हवं होतं. पुढचे सहा महिने मी कच्चं लिहीत गेले आणि ते आपल्या वळणदार अक्षरात पक्कं करून खाली सही करत गेले. दर गठ्ठ्यात एक पत्रक माझ्या लेकीचं असायचं. घरी माझ्याशी धड दोन वाक्यं न बोलणारी पोरगी त्या पत्रकावर किती बारीक, किती शहाणं विचारायची. मी इतर कुणाला चार ओळी लिहीत असेन तर तिला पानभर लिहायची. आठवड्याने ते पान घरी यायचं आणि ती ते मला वाचून दाखवायची. "बघ ना आई, सर किती समजून सांगतात. यांना कळतं माणसाला काय अडतंय ते." मी पोळपाट पुसत बसायची. नवरा पेपराआडून माझ्याकडे बघायचा. त्याला सगळं कळत होतं, आणि पहिल्यांदाच तो जाऊ दे म्हणत नव्हता. तुम्हाला खरं सांगते, फोटो चोरला तेव्हा झाला नसेल एवढा माझ्या जिवाचा तिळपापड त्या सहा महिन्यांत झाला. माझ्या पोरीने केलेलं माझं कौतुकसुद्धा त्यांच्या सहीने घरात येत होतं.

सातव्या पाठाचा अभ्यास होता, घरातल्या माणसाला खिडकीपाशी बसवून तसा फोटो काढणे. लेकीने बापाला बसवलं. दिवे बंद केले, मुद्दाम. एक सेकंद दिला. हनुवटीखाली काळं भोक आलं. तिने खुर्ची हलवली, पडदा लावला, पडदा काढला, सकाळी काढला, दुपारी काढला, दवाखान्यातून अर्धी रजा घेऊन काढला. काळोख हलेना. मी स्वयंपाकघरातून बघत होते. उजव्या हाताला, ओट्यावर, पांढरं ताट होतं. मला फक्त ते उचलून नवऱ्याच्या मांडीवर ठेवायचं होतं. मी ठेवलं नाही. पाचव्या दिवशी ती कॅमेरा बाजूला ठेवून भिंतीला पाठ लावून बसली आणि म्हणाली, "मला जमणारच नाही, आई. डोळाच नाही मला. उगाच आपलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी माझ्या लेकीच्या हातात सुरी देत होते आणि तिला ते पेन वाटत होतं, हे मला कळत होतं, आणि कळूनही मी म्हणाले, "सरांना विचार की. त्यांनी काढलाय, त्यांना माहीत असणार." नवऱ्याने पेपर खाली ठेवला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी आत निघून गेले.

गठ्ठा मंगळवारी आला. बुधवारी दुपारी मालक मागच्या खोलीत आले, भिंतीला हात लावत. आताशा त्यांना उंबरा दिसत नाही. त्यांच्या हातात एकच पत्रक होतं. ते त्यांनी माझ्या दिव्याखाली ठेवलं आणि म्हणाले, बाई, हे जरा बघा, कुणी भलतंच विचारलंय. मी वाचलं. अक्षर रडून झाल्यावरचं होतं, मी ते ओळखते. "सर, तुम्ही सांगितलंत तसं चाळीस वेळा करून बघितलं. हनुवटीखाली काळोखच येतो. तुमच्या फोटोत तिथे उजेड आहे. तो कुठून आला? माझं काय चुकतंय?"

"काय लिहायचं?" मालक म्हणाले.

मी पत्रक उचललं आणि त्यांच्या हातात परत दिलं.

"मला काय माहीत, मालक. फोटो तुम्ही काढलात."

ते हसायला लागले आणि हसणं मध्येच राहिलं. त्यांनी पत्रकाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळजीकडे, कंपनीने तो परत आणून लावला होता. ते त्याच्याजवळ गेले, नाक लागेल इतके जवळ, हनुवटीपाशी. मी तेहतीस वर्षं चेहऱ्यांवर काम करते. आठवण चेहऱ्यावर कुठून वर येते ते मला माहीत आहे, आधी गळ्याची शीर हलते, मग ओठाची कड. तोवर माझी समजूत होती की ते जाणूनबुजून खोटं बोलत आले. त्या दिवशी कळलं की इतक्या वर्षांत त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला होता. आपण दिवे बंद केले, आपण सेकंद दिला, हे त्यांना खरंच आठवत होतं. आणि आता माझ्यासमोर ते त्यांच्या हातून निसटत होतं. वळले तेव्हा ते एकदम म्हातारे दिसले. मला वाईट वाटलं का? नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. मला भूक लागली.

"बाई," ते म्हणाले. मी दिवा जवळ ओढला आणि कामाला लागले.

आठवड्याने लेकीला उत्तर आलं. दोन शब्द होते, सराव करा, आणि खाली सही, वळण सुटलेली. तिने कागद उलटून बघितला, मागे काही आहे का म्हणून. "हे काय उत्तर झालं?" ती म्हणाली. तिचा चेहरा इतका पडला होता की मला वर बघवेना. मी कपाटामागून कापडात गुंडाळलेला ट्रे काढला. त्या बुधवारीच तो स्टुडिओतून घरी आणला होता, अठ्ठावीस वर्षांत एकदाही कुणी त्याला फोटो धुण्यापलीकडे विचारलं नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, ऊठ, खिडकीत बस. तो मुकाट्याने बसला. मी ट्रे त्याच्या मांडीवर आडवा ठेवला आणि लेकीला म्हटलं, आता बघ. तिने कॅमेऱ्यातून बघितलं आणि तिचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. किती वेळ देऊ, तिने विचारलं. मी म्हटलं, दोन सेकंद, आणि ट्रेच्या कडेवर बोटाने ठोका दिला. एक. दोन. तीन. मग तिला बसवून सगळं सांगितलं, फ्यूजपासून ओरखड्यांपर्यंत, कानसुद्धा. पहिल्या सहा पत्रांचंही सांगितलं. आणि ट्रे माहीत असून तिला पाच दिवस झुरू दिलं तेही. ती उठून आत गेली, दार लावून घेतलं, आणि मला वाटलं, झालं, मारून घेतला धोंडा पायावर.

तासाभराने तिने आतून हाक मारली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बापाचा चेहरा मोठा करून ठेवला होता, डोळाच नुसता, टेबलाएवढा. त्याच्यात खिडकी होती, खाली ट्रेची पांढरी पट्टी होती, आणि खिडकीपुढे दोन काळ्या आकृत्या, एक कॅमेऱ्यावर वाकलेली आणि एक शेजारी, हात पुढे केलेली. लेकीचे डोळे सुजले होते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आपण दोघी दिसतोय यात. काढून टाकू?"

"हात लावशील तर याद राख," मी म्हणाले.